अर्धलीची शेळी आणि चाचीची माफी

गाडीच्या पाटीवर ‘अहिल्यानगर’ लिहिलेलं, कंडक्टर ‘नगर, नगर, नगर’ असा गळा काढून ओरडतोय, आणि रांगेत माझ्या पुढे उभे असलेले एक आजोबा विचारतायत, ‘ही अहमदनगरला जाती का हो?’ कंडक्टर म्हणाला, ‘आजोबा, तिन्ही ठिकानी जाती. बसा.’ पुण्याहून मी निघाले ती अशी.

मे महिना होता. शहाणी माणसं या दिवसांत थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी पाथर्डी तालुक्यात निघाले होते. कारण सुमन. सुमन म्हणजे होस्टेलवरची माझी मैत्रीण. लग्न होऊन पाथर्डीकडच्या एका खेड्यात गेली, तिथल्याच शाळेत शिक्षिका झाली, आणि तेव्हापासून दर फोनला ‘ये की गं एकदा’ म्हणते. मी दर वेळी ‘येते गं’ म्हणते. या खेपेला ती म्हणाली, ‘नकोच येऊस. मी मेले की ये, तेव्हा तरी वेळ काढ.’ मुकाट्यानं बॅग भरली. तिच्या गावाचं नाव मात्र इथे लिहीत नाही. तिथल्या मंडळींनीच बजावलंय, ‘लिव्हा काय लिव्हायचं ते, पर गाव सांगू नका. उगं लोक बघायला येतील.’

नगरला उतरले तेव्हा ऊन असं मी म्हणत होतं की स्टँडबाहेरून एक गवती टोपी विकत घेतली. रुंद काठाची, लाल फीत लावलेली. आरशात पाहिलं असतं तर घेतली नसती, पण टोपीवाल्याकडे आरसा नव्हता. मग पाथर्डीची गाडी. करंजीचा घाट मागे पडला आणि दोन्ही बाजूंना तपकिरी माळ सुरू झाला. मधूनच बाभळी, निंब, एखादं शेततळं, त्यात बोटभर पाणी. गावोगावी माणसं मात्र भरपूर. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आलेली असतात या दिवसांत, त्यामुळे प्रत्येक पारावर गर्दी, प्रत्येक घरावर वाळत घातलेल्या गोधड्या, आणि जिकडेतिकडे लग्नाचे मांडव. खिडकीतून येणारा वारा तोंडावर फुंकणीतून फुंकल्यासारखा लागत होता. मी खिडकी लावली तर मागची बाई म्हणाली, ‘उघडी ऱ्हाऊ द्या, गुदमरतंय.’ मग निमूटपणे भाजत बसले.

पाथर्डीहून पुढे वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप). ड्रायव्हरनं मला एक दुधाचा कॅन आणि एक जाड गृहस्थ यांच्यामध्ये बसवलं आणि म्हणाला, ‘ऐसपैस बसा, मावशी.’ गृहस्थांनी लगेच चौकशी सुरू केली.

‘कुनाकडं?’

‘सुमनबाई आहेत ना, शाळेतल्या. त्यांच्याकडे.’

‘मंग बरुबर दिवशी आल्या. आज चाचीची माफी हाय.’

‘कसली माफी?’

‘माफी वो. चाची आज घरोघर माफी मागत्यात.’

‘अहो, पण केलंय काय त्यांनी?’

गृहस्थांनी बराच विचार केला. ‘तसं काय न्हाई. म्हंजे शिव्या लई देत्यात. पर मनानं चांगल्या हायत.’

एवढ्यावर माझं समाधान होईना, पण जीप खड्ड्यात आदळली, माझी जीभ दाताखाली आली आणि चौकशी तिथेच थांबली.

सुमनच्या घरी पोचले तर ती ओट्यावर उभी. मला बघून आनंदानं रडेल असं वाटलं होतं. ती माझी टोपी बघून खाली बसून हसली. मग हात धरून आत नेलं आणि पुढ्यात शेंगोळे ठेवले. शेंगोळे म्हणजे हुलग्याच्या पिठाची छोटी कडबोळी, लसणाच्या तिखटजाळ रश्श्यात शिजवलेली. पहिल्या घासाला नाकातून पाणी, दुसऱ्याला डोळ्यांतून, तिसऱ्याला आणखी वाढ म्हणायची वेळ. बाहेर एवढं ऊन असताना हा जाळ खायचा कशाला, असं विचारलं, तर म्हणाली, ‘घाम आला की गार वाटतं.’ आणि खरंच वाटलं.

चौथ्या वाढपाला दारात चाची आली. म्हणजे हमीदाचाची. वय सत्तरीच्या आसपास, अंगानं वाळलेली, डोक्यावर पांढरा पदर, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. मागे तिचा भाऊ रशीदमामा, राहुरीचा. तो आणि त्याची बायको चाचीला घेऊन हजला निघाले होते. दुसऱ्या दिवशी मुंबई गाठायची आणि तिथून विमान. हजला निघण्याआधी आपल्या माणसांना भेटून बोलल्या-चालल्याची माफी मागायची, कुणाचं काही मनात राहू द्यायचं नाही, असा त्यांच्यात रिवाज आहे. बहुतेक लोक हे उभ्या उभ्या उरकतात. ‘माफ करा बरं का,’ ‘छे छे, काय हे,’ आणि चहा. चाचीचा प्रकार वेगळा होता. ती तपशीलवार माफी मागत होती.

‘बाई,’ ती सुमनला म्हणाली, ‘बोलल्या-चालल्याची माफी करा.’

‘अहो चाची, तुमचं-माझं काय—’

‘असं उडवून लावू नका. ऐका. तुमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा मी न इचारता तोडल्यात. एकदा न्हाई, दर साली. आन् तुमच्या सासूला मी मागं म्हैस म्हनले हुते.’

‘त्यांना माहीत होतं ते.’

‘त्या तर गेल्या बिचाऱ्या. मंग त्यांच्या वतीनं तुमी करा.’

सुमननं सासूच्या वतीनं माफ केलं. जरा जास्तच खुशीत केलं असं मला वाटलं. मग चाचीनं मोर्चा माझ्याकडे वळवला. ‘ह्या कोन? पाव्हन्या का? बाई, तुमी बी माफी करा.’

‘अहो, आपण आत्ता भेटतोय!’

‘मगाशी तुमी जीपमधनं उतरल्या, तवा ती टोपी बघून हासले मी. लई हासले.’

मीही माफ केलं. न करून सांगते कुणाला? रशीदमामा घड्याळ बघत उभा होता. गावातली घरं अजून बरीच शिल्लक होती आणि चाचीच्या आठवणीतल्या शेंगाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा सुमननं समोरच्या निंबापलीकडचं एक घर दाखवलं. पत्र्याचं, पुढे मोठा वाडगा (काट्यांचं कुंपण घातलेली शेळ्या कोंडायची जागा). ‘ते भानुदासचं घर,’ ती म्हणाली. ‘तो पूर्वी चोर होता.’

‘कसला?’

‘मिळेल त्याचा. कोंबड्या, विहिरीवरच्या मोटारीची केबल, दोरीवरची धोतरं. गावात काही नाहीसं झालं की लोक आधी भानुदासच्या दाराकडे बघायचे.’

मग तिनं बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. चाचीचा नवरा नुकताच वारला होता. मूलबाळ नव्हतं. दारात एक दुभती शेळी आणि तिची दोन पिल्लं, एवढाच संसार. एका सकाळी उठून बघते तर शेळी नाही आणि पिल्लं ओरडून ओरडून बेजार. लोक म्हणाले, चाची, पोलिसांत चला. चाचीनं दोन्ही पिल्लं दोन बगलांत मारली, सरळ भानुदासच्या दारात गेली आणि म्हणाली, ‘आई तुज्याकडं हाय, मंग पिल्लं माज्याकडं उपाशी कशाला ठेवू? घे, पाज त्यांना.’ पिल्लं तिथं ठेवली आणि घरी आली. दुपारी लोकांनी विचारलं, तर म्हणाली, ‘कसली चोरी? शेळी मी त्याला अर्धलीनं दिलीया.’

अर्धल म्हणजे काय ते सांगते. शेळी मालकाची, सांभाळ दुसऱ्याचा, आणि होणारी पिल्लं निम्मी निम्मी. इकडे हे सर्रास चालतं. कागद नाही, काही नाही, फक्त तोंडचा शब्द. पण अर्धलीची शेळी मालकाला न विचारता विकली, तर त्या माणसाला पुन्हा गावात कुणी दारात उभं करत नाही. म्हणजे चाचीनं एका शब्दात चोराचा अर्धलकरी करून टाकला. आता शेळी विकता येईना, टाकता येईना, सांभाळावीच लागली. वेळ आली तसं भानुदासनं चाचीच्या वाट्याचं पिल्लू नेऊन दिलं. मग पुढच्या साली पुढचं. होता होता शेळ्या वाढल्या, आणि त्यानंतर त्यानं कुणाच्या वस्तूला हात लावला नाही. चाची हजला निघाली होती तीसुद्धा तिच्या वाट्याच्या शेळ्यांच्या जिवावर.

‘क्षमेची ताकद बघ केवढी असते,’ सुमन म्हणाली. तिचा आवाज परिपाठाच्या वेळचा झाला होता. ही गोष्ट ती दर वर्षी, नावं बदलून, वर्गात सांगते.

‘मला नाही पटत,’ मी म्हटलं. ‘माझी शेळी कुणी नेली तर मी पिल्लं नेऊन देणार नाही. नेणाऱ्याची तंगडी मोडीन.’

‘तुझ्याकडे शेळी नाही.’

‘असती तर म्हणते गं. आणि एवढं संतपण मला सोसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.’

सुमन म्हणाली, तू होस्टेलवर होतीस तशीच राहिलीस. ही स्तुती नव्हती.

सकाळी गलक्यानं जाग आली. शाळेच्या भिंतीला लागून जीप उभी होती, टपावर सामान बांधलेलं, आत रशीदमामाची बायको कधीची बसलेली. सगळं गाव निरोपाला जमलेलं. चाचीच्या गळ्यात हार, अंगात नवे पांढरे कपडे, आणि ती निंबाखालच्या सिमेंटच्या बाकावर मांडी ठोकून बसलेली. उठायला तयार नाही.

‘आपा, चल आता,’ रशीदमामा म्हणत होता. ‘मुंबई काय इथं हाय का?’

‘भानुदास ऱ्हायला.’

भानुदास दिवस उगवायच्या आत शेळ्या घेऊन डोंगरावर पसार झाला होता. आदल्या दिवशीही चाची त्याच्या दारात जाऊन आली होती, तेव्हा म्हणे तो मागच्या बाजूनं निघून गेला होता. फोन घरीच ठेवून.

‘अगं, त्याची कसली माफी मागतीस? त्यानंच तर तुजी—’ रशीदमामा बोलला आणि थांबला. जमलेली सगळी माणसं एकदम दुसरीकडे बघायला लागली. कुणी निंबाकडे, कुणी जीपच्या चाकाकडे. भानुदासच्या बाबतीत ‘चोर’ हा शब्द त्या गावात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही, हे मला तेव्हा कळलं. सुमननं माझ्याजवळ उच्चारला तो मी परगावची म्हणून.

‘सगळ्या गावाची माफी झाली आन् एकाची ऱ्हायली, तर मी तिकडं कोनतं तोंड घेऊन जाऊ?’ चाची म्हणाली. ‘त्या शेळ्यांच्या पैशावर चाललीय मी. त्याचं-माजं मोकळं झाल्याबिगर मी न्हाई बसत. इमान गेलं तर जाऊ दे!’

‘तौबा, तौबा!’ रशीदमामानं कानाला हात लावले. ‘हजला निघताना असं बोलतीस? इमान गेलं तर काय ऱ्हायलं?’

‘अरं ते न्हाई, मुडद्या! उडायचं इमान!’

गाव हसलं, पण चाची हसली नाही. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते आणि ती डोंगराकडे बघत होती. आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट होती तिच्या दृष्टीनं, आणि ती खरोखरच सोडून द्यायला निघाली होती. माझा काही संबंध नसताना मी म्हटलं, ‘मी आणते त्यांना.’ रिकामटेकडी पाहुणी होते मी, मला काम हवंच होतं.

भानुदासची बायको कौसा माझ्याबरोबर निघाली. उंच, काटक बाई, चढावर अशी चालत होती की मी तिच्या टाचा बघत धापा टाकत राहिले. वाटेत ती एवढंच बोलली, ‘सकाळी च्या बी न पिता गेल्यात.’ डोंगर म्हणजे नुसता दगड आणि कुसळं. कुसळं साडीत, साडी काट्यात, आणि मी मधूनमधून देवाला हाका मारत.

वर बाभळीच्या विरविरीत सावलीत शेळ्या उभ्या होत्या. माणूस दिसेना. मग एका धोंड्यामागे पटका दिसला. चांगला पन्नाशीचा, मिशीवाला बाप्या, आम्हाला बघून धोंड्यामागे दबून बसला होता!

‘भानुदासराव,’ मी हाक मारली, ‘खाली चला. चाची थांबल्यात.’

‘मी गावात न्हाई म्हनून सांगा.’

‘तुमच्या शेळ्या खालून दिसतायत.’

‘तुमी कोन?’ धोंड्यानं विचारलं.

‘पाहुणी.’

‘मंग पाव्हन्यावानी ऱ्हावा की.’

हे ऐकून माझं डोकं फिरलं. एवढ्या उन्हात, कुसळं खात, मी काय हे ऐकायला वर आले होते? मी जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. सारांश असा, की ती म्हातारी तुमच्यापायी विमान सोडायला निघालीय, आणि तुम्ही इथे ससा होऊन बसलाय, लाज वाटत नाही का. भानुदास धोंड्यामागून बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘सगळं गाव म्हनलं, केलं माफ. मी काय म्हनू? तिनं माफी मागायची आन् मी करायची? कंच्या तोंडानं?’ मग तो खाली बसला आणि एक काडी घेऊन जमिनीवर रेघा ओढायला लागला. ‘मी एकदा बी बोललो न्हाई तिला. ती शेळी मी काष्टीच्या बाजारात इकनार हुतो. ती पिल्लं घेऊन दारात आली आन् सगळंच फिरलं. पयलं पिल्लू द्यायला गेल्तो, तवा वाटलं, आता म्हनंल, चोरा, माजंच पिल्लू मला देतो व्हय! ती म्हनली, बारीक हाय, पाला घाल जास्त. बस. घरी आलो आन् रडलो. लोक म्हनायला लागले, ह्यो अर्धलीचा मानूस. मंग कुनाच्या मोटारीकडं बघायचं मनच होईना. दर साली ठरवून जातो, औंदा बोलायचं. ती म्हनती बारीक हाय. मी म्हनतो व्हय. आन् येतो माघारी.’

इतका वेळ कौसा कमरेवर हात ठेवून ऐकत होती. आता ती म्हणाली, ‘उठा. ती गेली न्हाई तर त्ये बी तुमच्याच माथी बसंल.’

भानुदास उठला. एवढ्या वेळात एका पाटीनं (तरुण शेळीनं) माझी टोपी काठापासून फितीपर्यंत खाल्ली होती. फीत तेवढी थुंकून टाकली. कौसा म्हणाली, ‘अर्धलीतली हाय, निम्मा दोष चाचीचा.’ त्या बाईच्या तोंडावर हसू नव्हतं, म्हणून मला आणखी हसू आलं.

आम्ही उतरलो ते सगळ्या कळपासकट. शाळेपाशी पोचलो तसं गाव बाजूला झालं आणि शेळ्या जीपभोवती पसरल्या. रशीदमामानं घड्याळ दाखवलं, पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. चाची बाकावरून उठली, पदर सारखा केला आणि भानुदाससमोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा दीडपट उंच, पण अंग चोरून तिच्या खांद्याएवढा झाला होता.

‘भानुदास,’ ती म्हणाली, ‘बोलल्या-चालल्याची माफी कर.’

‘चाची, आदी माजं ऐका.’ तो म्हणाला. ‘ती शेळी मी चोरली हुती.’

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, ‘बरं, मंग? नवीन काय?’

‘गप रं तू,’ चाचीनं त्याला झापलं. मग भानुदासला म्हणाली, ‘माजी शेळी माज्या दारातनं गेली, मला ठावं नसंल व्हय? झालं तुजं बोलून? आता माजं ऐक. ह्याच्यासाठीच थांबलेय मी. त्या दिवशी मी पिल्लं घेऊन आले, ती काय मया आली म्हनून न्हाई. तुजं वाटुळं व्हावं म्हनून आले हुते.’

सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा दंड धरला.

‘म्हनलं, पिल्लं आईच्या वासानं वरडतील, आतनं आई वरडंल, समदी आळी गोळा हुईल आन् तुला चपलेनं बडीवतील. बघायलाच बसले हुते मी तुज्या दारात. तर मुडदे आईला लुचले आन् गपगार झाले! आन् ही बाहेर आली.’ तिनं कौसाकडे बोट केलं. ‘नवी नवरी. हळद बी गेली नव्हती अंगाची. पान्याचा तांब्या पुढं केला आन् माज्या पाया पडली. म्हनली, चाची, तुमी आमाला अर्धलीनं शेळी दिली, लई उपकार झाले. ह्या भाड्यानं तिला तसं सांगितलं हुतं! आता त्या पोरीला मी काय सांगू? तुजा नवरा चोर हाय? मला भीड पडली रे. म्हनले, व्हय बाई, दिली. मी तोंडातनं सोडलेला शब्द गावात तसाच सांगावा लागला. लोक म्हनत्यात चाची लई मोठ्या मनाची. मी आजवर ते ऐकून घेतलं, खोटं हाय म्हनले न्हाई. त्याची माफी कर.’

भानुदास बायकोकडे बघत होता. कौसा शांतपणे म्हणाली, ‘मला त्याच आठवड्यात कळलं हुतं.’

‘मंग बोलली का न्हाईस?’

‘चाची बोलल्या न्हाईत, तुमी बोलला न्हाईत, मी कशाला बोलू?’

‘माफी कर,’ चाची पुन्हा म्हणाली. ‘न्हाईतर मी न्हाई बसत.’

भानुदास ढसाढसा रडायला लागला. रडता रडताच म्हणाला, ‘केली, चाची. केली माफी.’ मग पटक्यानं तोंड पुसलं आणि लहान आवाजात विचारलं, ‘आन् मला? मला तुमी केली का?’

मला वाटलं, ती म्हणेल, अरे, कधीच केली. सगळ्या गावाला तसंच वाटलं असणार, कारण दोन-चार बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले होते. चाचीनं मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘खोटं कशाला बोलू, हजला चाललीय. मनातनं केली नव्हती. तू दर साली पिल्लू आनायचास आन् मला राग यायचा. पिल्लू चांगलं गुटगुटीत असायचं, मी तुला बारीक हाय म्हनायचे.’ तिनं गळ्यातला हार सारखा केला. ‘आज करते. आता केली. जा.’

भानुदास तिच्या पायांवर वाकला. ‘पाया पडू नगंस, आमच्यात चालत न्हाई,’ ती म्हणाली आणि तोवर तिचा हात त्याच्या पटक्यावर जाऊन बसला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी कालच्या शेंगोळ्यांना दोष दिला, सुमननं तो मान्य केला नाही. तीच माझ्यापेक्षा जास्त रडत होती.

मग एकच धांदल. जीपपुढच्या शेळ्या हाकलायच्या, हार गाडीबाहेर अडकलेला ओढायचा, कुणीतरी बाटलीत पाणी भरून दिलं. ड्रायव्हरनं दार उघडलं, चाचीनं एक पाय आत टाकला आणि वळून ओरडली, ‘त्या पांढऱ्या पाटीला सुबाभूळ घालू नगंस, पोट फुगतं तिचं!’ भानुदास म्हणाला, ‘व्हय.’ जीप धूळ उडवत गेली, आणि गाव एकेक करून घरी निघालं. भानुदास तिथेच उभा राहिला, रस्त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती तरी.

दुपारी सुमन म्हणाली, ‘आता वर्गात ही गोष्ट कशी सांगू गं? भिडेपोटी केलं म्हणून सांगू?’ मी म्हटलं, तशीच सांग. मुलांना जास्त आवडेल. ती मला बांधून द्यायला बाजरीच्या भाकरी थापायला बसली.

परतीच्या गाडीत जागा मिळाली, तीही खिडकीची. भाकरी मांडीवर, डोकं उघडं, नगर येईपर्यंत मी भिडेचाच विचार करत होते. आपण तिला किती नावं ठेवतो. भिडस्तपणा सोडा, स्पष्ट बोला, मनात असेल ते तोंडावर सांगा. त्या दिवशी चाची मनात होतं ते बोलली असती तर भानुदास चपलांचा मार खाऊन आणखी पक्का चोर झाला असता, आणि कौसा चोराची बायको म्हणून जगली असती. मला वाटायचं, क्षमा आधी मनात येते आणि मग ओठांवर. इथे ती आधी ओठांवर आली, तीही एका नवरीच्या हातातला तांब्या बघून, कसनुशी, राग गिळून. मनापर्यंत पोचायला तिला एवढी वर्षं लागली. पण तेवढ्या वेळात त्या अर्धवट, कच्च्या क्षमेवर एक माणूस सरळ चालायला शिकून मोकळा झाला. पुऱ्या मनानं केलेली क्षमा कशी असते ते मला ठाऊक नाही, माझ्या हातून ती क्वचितच होते. ही निम्मी मात्र माझ्यासारखीलाही जमण्यातली वाटली.

घरी आले तर शेजारच्या काकू जिन्यातच भेटल्या. त्या नुकत्याच सिमल्याला जाऊन आल्या होत्या आणि फोटो दाखवायला टपलेल्या होत्या. बर्फ, घोडे, पुन्हा बर्फ. सगळे दाखवून झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘आणि तू? पाथर्डीकडे काय पाहिलंस?’

मी म्हटलं, ‘एक बाई जीपमध्ये बसली, ते पाहिलं.’